वजन आणि स्वभाव: आयपीआयपी-निओ-120 ही मोफत चाचणी कितपत कामाची?

वजन उतरवायला निघालेल्या माणसाला हल्ली आहाराच्या तक्त्याआधी प्रश्नावली भरावी लागते. टेन्शन आलं की खाता का, ठरवलेलं पाळता का, माणसांत रमता का, असं वीस-पंचवीस प्रश्नांत विचारून झालं की स्क्रीनवर एखादा 'टाइप' येतो आणि त्याखाली पैसे भरायचं बटण. स्वभाव आणि वजन यांचा संबंध संशोधनात खरोखर सापडलेला आहे, पण तो या छोट्या प्रश्नावल्यांमधून सापडलेला नाही. तो सापडला स्वभावाच्या पाच मोठ्या गुणांवर (चिंतातुरपणा, बहिर्मुखता, नव्याची ओढ, इतरांशी जुळवून घेणं आणि शिस्तशीरपणा) आणि त्यांच्या उपगुणांवर आधारलेल्या सविस्तर चाचण्यांमधून. त्यातलीच एक चाचणी इंटरनेटवर कुणालाही फुकट भरता येते: आयपीआयपी-निओ-120. हे परीक्षण तिचं आहे, तेही एवढ्यापुरतंच की वजनाशी झगडणाऱ्या माणसाने ती भरावी का, आणि भरली तर निकालातल्या कोणत्या ओळी वाचाव्यात.

मत आधीच सांगतो. स्वतःचा स्वभाव तपासायचं मोफत साधन म्हणून पाचपैकी चार. 'माझं वजन का वाढलं' याचं उत्तर म्हणून पाचपैकी एक, आणि तो एकही बराच उदारपणे दिलेला आहे.

चाचणीची घडण अशी. कोस्टा आणि मॅक्रे यांची 1992 सालची निओ-पीआय-आर ही 240 विधानांची चाचणी व्यावसायिक आहे, विकत घ्यावी लागते. तिच्याच आराखड्यावर, म्हणजे पाच मुख्य गुण आणि प्रत्येकाचे सहा असे एकूण 30 उपगुण, लुइस गोल्डबर्ग यांच्या खुल्या विधानसंग्रहातून 300 विधानांची मोफत आवृत्ती तयार झाली. पेन स्टेट विद्यापीठाचे जॉन जॉन्सन यांनी 2014 मध्ये ती 120 विधानांवर आणली. दर उपगुणाला चार विधानं, दर मुख्य गुणाला चोवीस. प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडतं ते पाच पायऱ्यांवर सांगायचं. वेळ दहा ते वीस मिनिटं. सुरुवातीला टोपणनाव, लिंग, वय आणि देश विचारतात. टोपणनाव म्हणजे टोपणनावच द्या, कारण ही निनावी उत्तरं पुढे संशोधनासाठी खुली होतात. निकालाचं पान उघडलं की लगेच पीडीएफ करून ठेवा.

गुण मोजणं सोपं आहे आणि एकदा हाताने करून पाहण्यासारखं आहे, म्हणजे निकालाचा बाऊ वाटत नाही. स्वयंशिस्तीच्या उपगुणाची चार विधानं साधारण अशी: मी नेहमी तयारीत असतो, ठरवलेलं मी पार पाडतो, मी वेळ वाया घालवतो, काम सुरू करायला मला जड जातं. पहिली दोन सुलटी, पुढची दोन उलटी. उलट्या विधानाचा आकडा 6 मधून वजा करायचा. कुणी अनुक्रमे 3, 2, 4, 4 अशी उत्तरं दिली, तर 3 अधिक 2 अधिक 2 अधिक 2, म्हणजे 9. उपगुणाचे गुण 4 ते 20 यांच्यामध्ये कुठेतरी येतात. एका विधानाला 4 ऐवजी 3 दिले तर एकूण गुण एकाने हलतात आणि मधल्या पट्टीत तेवढ्याने 'सरासरी' माणूस 'कमी'मध्ये जाऊ शकतो. म्हणून चोवीस विधानांवर उभा असलेला मुख्य गुण भरवशाचा आणि चार विधानांचा उपगुण डळमळीत. निकालपत्रात दोन्ही सारख्याच ठसठशीत अक्षरांत छापलेले असतात, ही या चाचणीची पहिली खोट.

दुसरी खोट 'कमी, सरासरी, जास्त' या शिक्क्यांची. खालचे 30 टक्के लोक 'कमी', मधले 40 'सरासरी', वरचे 30 'जास्त', एवढाच त्याचा अर्थ. तुलना तुमच्याच लिंगाच्या आणि वयोगटाच्या लोकांशी होते हे चांगलं आहे, पण ते लोक बहुतांशी अमेरिकेतले, इंग्रजीत आपणहून चाचणी भरायला आलेले. सांगलीत किंवा नाशकात राहून एकत्र कुटुंबाचा स्वयंपाक सांभाळणारी बाई 'मी माझ्या वस्तू इकडेतिकडे टाकते' या विधानाला जे उत्तर देईल, त्याची तुलना ओहायोतल्या एकट्या राहणाऱ्या विद्यार्थिनीशी लावण्यात फारसा राम नाही. त्यामुळे इतरांच्या तुलनेत आपण कुठे, यापेक्षा आपल्याच 30 उपगुणांत कोणते वर आणि कोणते खाली, हे वाचणं जास्त उपयोगाचं.

विधानं इंग्रजीत आहेत आणि काही ठिकाणी नकारात नकार येतो. 'रेअरली ओव्हरइंडल्ज' या विधानापुढे 'व्हेरी इनअॅक्युरेट' निवडलं, तर 'मी क्वचितच अतिरेक करतो हे साफ खोटं', म्हणजे अतिरेक करतो, असं होतं. फोनवर भराभर टिचक्या मारणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. अशी विधानं आली की आधी मनात सरळ मराठी वाक्य करून घ्या, मग पर्याय निवडा.

आता मूळ मुद्दा, वजनाचा.

या विषयात सगळ्यात जास्त फिरणारा आकडा आहे 11 किलोचा. अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथल्या दीर्घकालीन अभ्यासातून अँजेलिना सुटिन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तो मांडला: 1,988 लोक, पन्नासहून अधिक वर्षांची मोजमापं, आणि उतावळेपणात वरच्या दहा टक्क्यांतले लोक खालच्या दहा टक्क्यांतल्या लोकांपेक्षा सरासरी 11 किलोने जड. आकडा खरा आहे. पण तो ज्या उपगुणावर निघाला, त्याची विधानं पाहिल्याशिवाय तो वापरू नये. निओ चाचणीच्या त्या उपगुणात आवडीचं खाणं समोर आलं की जास्त खाल्लं जातं, अशा आशयाची विधानंच बसवलेली आहेत. एस्टोनियात उकू वैनिक आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये हा उपगुण एकेका विधानापर्यंत उलगडून पाहिला, तेव्हा वजनाशी असलेला संबंध मुख्यतः या खाण्याच्या विधानांनीच तोलून धरला होता. म्हणजे 'जे जास्त खातात त्यांचं वजन जास्त असतं' एवढंच आपण 'स्वभाव' या नावाखाली पुन्हा ऐकत होतो.

आयपीआयपी-निओ-120 मध्ये याच जागी 'इम्मॉडरेशन', म्हणजे मोह न आवरणं, नावाचा उपगुण आहे. त्याची चार विधानं: मी मधूनमधून बेसुमार सुटतो, मी क्वचितच अतिरेक करतो, मोह मी सहज टाळतो, तल्लफ मला आवरता येते. 300 विधानांच्या आवृत्तीत तर 'मी अनेकदा जास्त खातो' आणि 'मला खायला फार आवडतं' ही विधानं चक्क आहेत. वजन वाढलेला, दोनदा डाएट सोडून बसलेला माणूस या चौघांना काय उत्तर देणार हे आधीच ठरलेलं आहे. त्याला इथे 'जास्त' आलं आणि त्याने त्यालाच आपल्या वजनाचं कारण मानलं, तर ते गोल फिरून पुन्हा तिथेच येणं झालं. वजनासाठी ही चाचणी वाचणाऱ्यांना आमचा पहिला सल्ला हाच: इम्मॉडरेशनची ओळ झाकून ठेवा.

मग उरतं काय? बऱ्यापैकी भक्कम असं एकच: कॉन्शिअन्शसनेस, म्हणजे शिस्तशीरपणा, टापटीप, जबाबदारी आणि चिकाटी यांचा मिळून झालेला मुख्य गुण. फिनलंडच्या मार्कुस योकेला यांच्या गटाने 2013 मध्ये नऊ दीर्घकालीन अभ्यास एकत्र केले, 78,931 माणसं. पाचही गुण तपासले आणि लठ्ठपणाशी एकत्रित विश्लेषणात टिकला तो फक्त हा. हा गुण एका प्रमाण विचलनाने (माणसामाणसांतल्या नेहमीच्या फरकाच्या मापाने) वाढला की लठ्ठ असण्याची शक्यता मोजणारं गुणोत्तर 0.84; 1 म्हणजे काहीच फरक नाही. हे डोळ्यांसमोर आणायचं तर असं: सरासरी शिस्तीच्या 100 माणसांत समजा 20 लठ्ठ असतील, तर त्यांच्याहून स्पष्टपणे जास्त शिस्तशीर अशा 100 माणसांत साधारण 17. वीसच्या जागी सतरा. फरक आहे, खोटा नाही, पण ज्या जोरावर 'तुमचा स्वभाव बदला, वजन उतरेल' अशी पॅकेजेस विकली जातात तेवढा तर मुळीच नाही. शिवाय आधीच लठ्ठ असलेल्यांपैकी पुन्हा खाली येणाऱ्यांसाठी हेच गुणोत्तर 1.08 होतं, म्हणजे शिस्तीने दिलेला हात अगदीच हलका. बाकीचे गुण, चिंतातुरपणा, बहिर्मुखता, एका अभ्यासात दिसतात आणि दुसऱ्यात गायब होतात.

आणखी एक धागा फार कमी लोकांना ठाऊक असतो. सुटिन यांच्याच गटाने 2013 मध्ये दाखवलं की ज्यांचं वजन दहा टक्के किंवा त्याहून जास्त वाढलं, त्यांच्यात उतावळेपणा वाढला, आणि त्याच वेळी विचार करून पाऊल टाकण्याची वृत्तीही वाढली. मोह आवरत नाही आणि त्याबद्दलचा विचारही सुटत नाही, असं दोन्ही एकदम. बाण दोन्ही दिशांनी जातो. लठ्ठ माणसाला 'तू आळशी आहेस म्हणून असा आहेस' म्हणणाऱ्या घरच्या मंडळींनी हे जरूर वाचावं, कारण असं ऐकून घेणाऱ्याचं नुकसान वजनापेक्षा मोठं होतं.

हे सगळे अभ्यास बहुतांशी अमेरिका-युरोपातले आणि त्यांत लठ्ठपणा म्हणजे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 30 च्या पुढे. आपल्याकडे निकष खाली आहेत: 23 च्या पुढे जास्त वजन, 25 च्या पुढे लठ्ठपणा, आणि कंबर पुरुषांत 90 सेंटिमीटर, स्त्रियांत 80. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 मध्ये, देशात 25 किंवा त्याहून जास्त बीएमआय असलेल्या स्त्रिया 24.0 टक्के आणि पुरुष 22.9 टक्के होते. म्हणून चाचणी भरण्याआधी टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, साधा श्वास सोडल्यावर, टेप न आवळता मोजा. बेंबीवरून किंवा पँटच्या पट्ट्यावरून घेतलेलं माप चुकतं, आणि पोट खाली उतरलेल्यांमध्ये ते बरंच कमी येतं.

निकाल वाचताना आमच्या मते पाचच ओळी पुरेत: ऑर्डरलीनेस (टापटीप), सेल्फ-डिसिप्लिन (स्वयंशिस्त), कॉशसनेस (सावधपणा), अॅक्टिव्हिटी लेव्हल (हालचाल, धावपळ), आणि न्यूरॉटिसिझमचा, म्हणजे चिंतातुरपणाचा, एकूण गुण. त्या वजनाचं कारण सांगत नाहीत. आपल्याला कोणती पद्धत झेपेल आणि कोणती तिसऱ्या आठवड्यात बारगळेल, एवढा अंदाज मात्र देतात, आणि ही चाचणी इथेच खरी कामाला येते.

स्वयंशिस्त खाली असलेल्याला रोज प्रत्येक घास अॅपमध्ये नोंदवायला सांगणं म्हणजे सोमवारी सुरू आणि गुरुवारी बंद. त्याच्यासाठी रोजच्या निर्णयांची संख्याच कमी करावी लागते. नाश्त्याचे दोनच पर्याय ठरवायचे आणि आलटून पालटून तेच. डब्यात पोळ्या किती हे सकाळी डबा भरतानाच ठरतं, दुपारी भूक लागल्यावर नाही. तेल रोज मोजण्याऐवजी आठवड्यातून एकदाच: चार जणांच्या घरात रविवारी अर्धा लिटर वेगळ्या बाटलीत काढायचं आणि आठवडा त्यातच भागवायचा. माणशी दिवसाला सुमारे 18 मिलिलिटर, म्हणजे साडेतीन चमचे पडतात. गुरुवारीच बाटली रिकामी झाली तर गळती कुठे आहे ते लगेच कळतं, बहुतेक वेळा ती फोडणीत नसून तळणात असते. इथे एक गोष्ट चुकते: घरातल्या एकानेच हे ठरवलं आणि स्वयंपाक करणाऱ्याला विश्वासात घेतलं नाही, तर बाटली दुसऱ्याच आठवड्यात कपाटात जाते.

टापटीप खाली असेल तर उपाय ओट्यावरून सुरू होतात. चिवड्याचा, शेवेचा, फरसाणाचा डबा हाताशी आणि पारदर्शक असेल तर येता-जाता मूठ भरली जाते आणि ती कुणाच्याच हिशेबात येत नाही. 100 ग्रॅम शेवेत 500 च्या वर कॅलरी असतात. एक लहान वाटी, साधारण 30 ग्रॅम, धरली तरी दीडशेच्या वर, म्हणजे जवळजवळ दोन फुलक्यांइतक्या. डबा स्टीलचा, वरच्या फळीवर, आणि खायचंच असेल तर वाटीत काढून, बसून. मोठ्या पातेल्यातून थेट ताटात वाढणंही अशा घरांत जास्त होतं. वरण-भाताच्या जेवणात दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी पातेलं टेबलावरून ओट्यावर नेलेलं बरं.

सावधपणा खाली, म्हणजे समोर आलं की हात जातो, अशांना 'कमी खाईन' हा निश्चय काही कामाचा नाही. पीटर गोल्विट्झर यांनी 1999 मध्ये मांडलेली 'जर-तर' योजना इथे वापरण्यासारखी आहे. तिचं वाक्य नेमकं लागतं, वेळ आणि जागेसकट. 'जर चार वाजता ऑफिसात समोसे आले, तर आधी डब्यातले फुटाणे आणि ताक; त्यानंतरही हवाच असेल तर अर्धा समोसा.' एका वेळी दोनच वाक्यं, कागदावर. दहा वाक्यं केली की एकही ऐन वेळी आठवत नाही. लग्नाच्या पंगतीसाठी आणि उपवासाच्या दिवसासाठी वेगळं वाक्य हवं. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, वर शेंगदाण्याचा लाडू, असं 'हलकं' खाल्ल्याच्या समाधानात नेहमीपेक्षा जास्त पोटात जातं.

अॅक्टिव्हिटी लेव्हल खाली असेल तर जिमच्या वर्षभराच्या फीपेक्षा जेवणानंतरची चाल आधी लावा. याहून जास्त सांगण्यासारखं त्या ओळीत काही नाही.

न्यूरॉटिसिझम वर असेल तर मात्र थांबून वाचा. वर सांगितलेल्या युक्त्या अशा माणसाला कधीकधी उलट्या पडतात: बाटलीतलं तेल संपलं, वाक्य मोडलं, की अपराधी वाटतं, आणि अपराधीपणातून पुन्हा खाणं. त्यांनी आठवडाभर काय खाल्लं यापेक्षा केव्हा, कुठे आणि त्याआधी मनात काय चाललं होतं, एवढंच लिहावं. प्रमाण लिहू नये. थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, हातावर ताबा राहत नाही, नंतर लाज वाटते, असं आठवड्यातून एकदा तरी आणि सलग तीन महिने होत असेल, तर तो आजार आहे, 'बिंज इटिंग डिसऑर्डर'. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं असतं. कडक डाएटने तो बळावू शकतो, आणि स्वभावाच्या कुठल्याही चाचणीला तो पकडता येत नाही.

याच कारणाने, वजन अलीकडेच झपाट्याने वाढलेल्यांनी या वाटेला आधी जाऊच नये. थायरॉइड, पीसीओएस (स्त्रियांमधला संप्रेरकांचा बिघाड), आणि स्टेरॉइड, इन्सुलिन, ओलान्झापिन किंवा व्हॅल्प्रोएटसारखी वजन वाढवू शकणारी औषधं यांची चौकशी डॉक्टरकडे पहिली. औषध मनाने बंद करू नये, ते बदलता येतं का हे विचारावं.

चाचणी भरायची वेळही महत्त्वाची. डाएट मोडलेल्या रात्री भरली तर शिस्तीचे सगळे गुण खाली येतात, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात भरली तर सगळे वर. साध्या दिवशी, पोट भरलेलं असताना, लॅपटॉपवर भरा. 'गेल्या दोन वर्षांत मी बहुतेक वेळा कसा वागलो' हे धरून उत्तरं द्या. कसं वागायला हवं होतं हे धरून नको. मधला पर्याय वीसपेक्षा जास्त ठिकाणी निवडला गेला असेल तर निकालावर फार विसंबू नका. शक्य असेल तर नवरा, बायको किंवा जवळच्या मित्राला स्वयंशिस्त आणि टापटीप यांची आठ विधानं तुमच्याबद्दल भरायला सांगा. दोघांच्या उत्तरांत जिथे मोठी तफावत असते, तिथेच बोलण्यासारखं काहीतरी सापडतं.

ज्यांना फक्त खाण्याच्या सवयींबद्दलच जाणून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी 120 विधानांचा हा फेरा लांबचा आहे. त्यांनी आहारतज्ज्ञाकडे थ्री फॅक्टर इटिंग क्वेश्चनेअरच्या 18 प्रश्नांच्या आवृत्तीची चौकशी करावी. ती खाण्यावरचा जाणीवपूर्वक लगाम, सुटून खाणं आणि भावनेने खाणं हे तीन भाग वेगळे मोजते. डच इटिंग बिहेवियर क्वेश्चनेअर 33 प्रश्नांची आहे आणि अन्न दिसल्यामुळे, वासामुळे होणारं खाणं ती वेगळं काढते. मिठाईच्या दुकानावरून जाताना पाय थबकणाऱ्यांना तीच जास्त जवळची वाटेल. दोन्ही थेट खाण्याबद्दलच विचारतात आणि तसं उघडपणे सांगतात. इम्मॉडरेशनच्या ओळीने जी दिशाभूल होते ती त्यांत होत नाही.